शिडी खेळाची, पायऱ्या भांडवलाच्या

अमेरिकेतील युनायटेड सॉकर लीग या खालच्या थरातील व्यावसायिक फुटबॉल संघटनेच्या क्लबमालकांनी मार्च २०२५ मध्ये विशेष बहुमताने एक ठराव संमत केला. लीगच्या तीन श्रेणी असाव्यात, वरच्या श्रेणीत तळाला राहतील त्या संघांनी खाली उतरावे, खालच्या श्रेणीत आघाडीवर राहतील त्यांनी वर चढावे आणि ही व्यवस्था २०२८ पासून अमलात यावी, असा त्याचा आशय. कांगा लीगचे पावसाळी सामने पाहत वाढलेल्या मुंबईकराला यात अपूर्वाई ती काय, असे वाटेल. एखादा क्लब वरच्या विभागातून घसरला, दुसरा खालून वर आला, ही तिथली नेहमीचीच गोष्ट. परंतु अमेरिकेत बेसबॉलपासून बास्केटबॉलपर्यंत सर्व प्रमुख व्यावसायिक खेळ बंदिस्त लीगमध्ये खेळले जातात. आत असलेल्याने कितीही मार खाल्ला तरी तो आतच राहतो आणि बाहेरच्याने कितीही पराक्रम केला तरी तो बाहेरच. त्यामुळे या ठरावाचे स्वागत ‘खेळातील लोकशाही’ म्हणून झाले, आणि ते करणाऱ्यांत आपल्या विचारांची मंडळीही आहेत. त्यांच्या उत्साहाबद्दल आदर राखूनही असे म्हणणे भाग आहे की, हा ठराव जितके देतो त्याहून अधिक हातचे राखतो.

पहिला प्रश्न असा की, मत कोणी दिले? मालकांनी. खेळाडूंना मत नव्हते, प्रेक्षकांना नव्हते, आणि ज्यांच्या करांतून मैदाने उभी राहतात त्या नागरिकांना तर नव्हतेच. इंग्रजी भाषेत ‘फ्रँचाइझ’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, एक मताधिकार आणि दुसरा धंद्याचा परवाना. अमेरिकी खेळात ज्याच्यापाशी दुसरा आहे त्यालाच पहिला मिळतो.

हा परवाना म्हणजे नेमके काय, ते समजून घेतले पाहिजे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या मेजर लीग सॉकरमध्ये क्लब स्वतंत्र नाहीत. सर्व क्लब लीग या एकाच कंपनीच्या मालकीचे असून खेळाडूंचे करारही लीगशी होतात. तथाकथित मालक हे त्या कंपनीतील भागीदार. आपल्या श्रमाला बाजारात एकच खरीददार ठेवला आहे, अशी तक्रार घेऊन खेळाडू १९९७ मध्ये न्यायालयात गेले. २००० मध्ये ज्यूरीने आणि २००२ मध्ये अपील न्यायालयाने निकाल लीगच्या बाजूने दिला. या कंपनीत प्रवेशाची किंमत पाहा. २००७ मध्ये दाखल झालेल्या टोरांटोने १ कोटी डॉलर भरले होते. २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या जागेसाठी ५० कोटी डॉलर मोजले गेले. सोळा वर्षांत किंमत पन्नासपट झाली, ती खेळाचा दर्जा पन्नासपट वाढला म्हणून नव्हे. दरवाजा बंद आहे म्हणून किल्ली महाग आहे. आमच्या देशातील परवाना-पद्धतीची ज्यांनी अनेक वर्षे टिंगल केली, त्या मुक्त बाजारपेठेच्या माहेरघरी परवान्यांचा असा कडेकोट कारभार चालावा, हे मौजेचे आहे.

परवाना ही मालमत्ता ठरली की ती विकता येते, आणि विकता येते तशी उचलून नेताही येते. ही प्रथा नवी नाही. १९२० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर हे कापडगिरण्यांचे गाव अमेरिकी फुटबॉलची राजधानीच होते म्हणा ना. लँकेशायरहून आणि पोर्तुगालहून आलेल्या गिरणी कामगारांच्या वस्त्यांतून फॉल रिव्हर मार्क्समेन हा संघ पोसला गेला आणि त्याने राष्ट्रीय चषक वारंवार जिंकला. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या, कामगारांच्या खिशातून तिकिटाचे पैसे निघेनात, तेव्हा १९३१ मध्ये मालक सॅम मार्क यांनी संघ उचलून न्यूयॉर्कला नेला, तिथल्या दुसऱ्या संघात मिसळला आणि त्याचे नावही बदलले. गिरणी गेली आणि तिच्यामागोमाग खेळही गेला. गिरणगावातील वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

तीच रीत आजच्या खालच्या श्रेणींत अव्याहत चालू आहे. टेक्ससमधील ऑस्टिन अॅझ्टेक्स हा संघ २०१० च्या हंगामानंतर फ्लोरिडातील ऑर्लँडोला हलला आणि २०१५ मध्ये तेथून मेजर लीगमध्ये गेला, अर्थात गुणांवर नव्हे, प्रवेशशुल्क भरून. कॅनडातील ओटावा फ्युरीला २०१९ च्या अखेरीस अमेरिकी लीगमध्ये खेळण्याची परवानगी नाकारली गेली, तेव्हा संघ बंद झाला, पण परवाना जिवंत राहिला आणि मायामीला विकला गेला. मेम्फिसचा संघ बेसबॉलच्या मैदानात फुटबॉल खेळत होता. स्वतंत्र स्टेडियमची योजना फसली, २०२४ नंतर संघ थांबला आणि परवाना तीन हजार किलोमीटरांवरील सांता बार्बराकडे रवाना झाला. मेम्फिसच्या पोरांनी ज्या नावाचा जयघोष केला ते नाव कचऱ्यात गेले आणि ज्या कागदाचा त्यांना पत्ताही नव्हता तो कागद मात्र सुरक्षित प्रवास करून पोहोचला. सॅन डिएगो लॉयलचे मरण आणखी वेगळे. २०२० पासून खेळणारा हा संघ मैदानावर हरला नव्हता. मे २०२३ मध्ये मेजर लीगने त्या शहराची जागा ५० कोटींना विकली आणि ऑगस्टमध्ये लॉयलने आपले दिवस भरल्याचे जाहीर केले.

ठरावाचे समर्थक यावर म्हणतील, हेच तर आम्ही बदलू पाहतो, चढउतार आला की या खरेदीविक्रीला आळा बसेल. चढउताराचे खरे मोल कशात आहे, हे मात्र त्यांच्यातील फार थोड्यांनी सांगितले आहे. हंगामाच्या अखेरच्या सामन्यातील उत्कंठा, तळाच्या संघांची धडपड, दूरचित्रवाणीला मिळणारा मसाला ही मालकांना भावणारी कारणे झाली. समाजवाद्याला भावावे असे कारण दुसरेच आहे, आणि त्यासाठी दोन शहरांच्या कहाण्या शेजारी ठेवाव्या लागतील.

ओहायोतील कोलंबस क्रू हा मेजर लीगच्या पहिल्या क्लबांपैकी एक. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याचे मालक अँथनी प्रीकोर्ट यांनी सांगितले की, शहरात नवे स्टेडियम झाले नाही तर संघ ऑस्टिनला जाईल. गावकरी गप्प बसले नाहीत. ‘क्रू वाचवा’ अशी चळवळ उभी राहिली, मोर्चे निघाले. ओहायोत १९९६ चा एक कायदा आहे, तो मॉडेल कायदा म्हणून ओळखला जातो. आर्ट मॉडेल या मालकाने क्लीव्हलंड ब्राउन्स हा अमेरिकी फुटबॉलचा संघ बाल्टिमोरला पळविला, त्या संतापातून तो जन्मला. सार्वजनिक पैशाचा लाभ घेतलेल्या संघाने जाण्यापूर्वी सहा महिन्यांची नोटीस द्यावी आणि स्थानिकांना तो विकत घेण्याची संधी द्यावी, असे तो सांगतो. मार्च २०१८ मध्ये राज्याने आणि शहराने या कायद्याखाली दावा लावला आणि अखेर संघ कोलंबसमध्येच राहिला. हा लोकांचा विजय होता यात शंका नाही. पण तो कोणत्या अटींवर मिळाला? शहराला दुसरा अब्जाधीश शोधावा लागला, नव्या स्टेडियमसाठी पुन्हा सार्वजनिक पैसा ओतावा लागला, आणि ज्यांनी संघ पळवून नेण्याचा घाट घातला त्या प्रीकोर्ट यांना लीगने ऑस्टिनमध्ये नवा कोरा संघ देऊन सन्मानित केले. गंमत इथेच संपत नाही. कोलंबसचे त्राते म्हणून पुढे आलेले हॅस्लम कुटुंब हेच आजच्या क्लीव्हलंड ब्राउन्सचे मालक. त्यांना आपला संघ शहराबाहेर उपनगरात न्यायचा झाला, तेव्हा २०२४ मध्ये त्यांच्याच क्लबने त्याच मॉडेल कायद्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि २०२५ मध्ये ओहायोच्या विधिमंडळाने राज्याबाहेर जाणाऱ्या संघांपुरताच कायदा मर्यादित करून टाकला. ज्या फांदीने वाचविले तीच तोडण्याचा हा प्रकार.

आता लंडनमधील विम्बल्डनकडे पाहा. २००२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या त्रिसदस्य समितीने दोन विरुद्ध एक मतांनी विम्बल्डनचा क्लब शंभरएक किलोमीटरांवरील मिल्टन कीन्सला नेण्यास मालकांना मुभा दिली. तेथील समर्थकांनी अब्जाधीश शोधला नाही. त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला आणि त्याची मालकी समर्थकांच्या विश्वस्त संस्थेकडे ठेवली. नवव्या पायरीवरून सुरुवात केली, २०११ मध्ये राष्ट्रीय लीगच्या चार वरिष्ठ श्रेणींत प्रवेश मिळविला, आणि २०१८ मध्ये तर असा दिवस उगवला की, पळवून नेलेला क्लब घसरून खालच्या श्रेणीत गेला आणि गावकऱ्यांचा क्लब वरच्या श्रेणीत टिकून राहिला. इंग्लंडचे फुटबॉल काही समाजवादी नव्हे. तिथेही तेलसम्राट आणि सट्टेबाज मालक आहेतच. पण शिडी जमिनीला टेकलेली असल्यामुळे मालकाच्या हाती एक हत्यार उरत नाही. ‘मी गेलो तर तुमच्याकडे काहीच राहणार नाही’ ही धमकी तिथे पोकळ ठरते. गावाला पुन्हा आरंभ करता येतो. कोलंबसला तो पर्याय नव्हता, म्हणूनच त्याला एका धनिकापासून सुटण्यासाठी दुसऱ्याच्या पाया पडावे लागले. चढउताराचे मोल ते हेच.

आणि नेमके हेच मोल युनायटेड सॉकर लीगच्या ठरावात नाही. कारण शिडीच्या प्रत्येक पायरीवर अमेरिकी फुटबॉल महासंघाने पहारेकरी बसविला आहे आणि तो खेळ पाहत नाही, पाकीट पाहतो. महासंघाच्या व्यावसायिक नियमांनुसार प्रत्येक क्लबला एक प्रमुख मालक असावा लागतो, त्याच्याकडे किमान ३५ टक्के हिस्सा असावा लागतो आणि त्याची व्यक्तिगत संपत्ती पहिल्या श्रेणीसाठी ४ कोटी, दुसरीसाठी २ कोटी आणि तिसरीसाठी १ कोटी डॉलर असावी लागते. पहिल्या श्रेणीसाठी स्टेडियम किमान १५ हजार आसनांचे हवे, शिवाय लीगमधील तीनचतुर्थांश संघ दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरांतील हवेत. म्हणजे विम्बल्डनच्या धर्तीवर हजारो सभासदांनी समसमान मालकीचा क्लब उभारला, तो सर्व सामने जिंकून अग्रस्थानी आला, तरी व्यवसायाच्या सर्वांत खालच्या पायरीवरच त्याला अडविले जाईल. सवलत मागता येते, पण सवलत म्हणजे हक्क नव्हे. अमेरिकी फुटबॉलमधील ग्रीन बे पॅकर्स हा १९२३ पासून गावकऱ्यांच्या मालकीचा क्लब लाखभर वस्तीच्या गावात शतकभर टिकला आहे, आणि त्याच्या लीगने काय धडा घेतला? इतर कोणी तसे करू नये, असा नियम केला.

असे क्लब काढण्याची उमेद अमेरिकेतील सामान्य माणसांत नाही, असे मात्र कोणी समजू नये. टेनेसीतील चॅटनूगा एफसी हा त्या काळी हौशी थरातला क्लब होता. २०१५ मध्ये त्याच्या अंतिम सामन्याला १८,२२७ प्रेक्षक लोटले होते. पुढे युनायटेड सॉकर लीगने त्याच शहराचा परवाना दुसऱ्याला दिला. तेव्हा चॅटनूगा एफसीने २०१९ मध्ये आपले समभाग समर्थकांना विकून तग धरला. ज्या लीगला आज लोकशाहीची मानपत्रे मिळत आहेत तिचे हे अलीकडचे वर्तन आहे. डेट्रॉइटची हकीकत तर आपल्या कार्यकर्त्यांनी आवर्जून वाचावी. मोटार कामगारांच्या, पूर्वी पोलिश आणि आता बंगाली व येमेनी स्थलांतरितांच्या हॅमट्रॅम्क या गावात कीवर्थ नावाचे स्टेडियम आहे. मंदीच्या काळात १९३६ मध्ये रूझवेल्ट सरकारच्या बेकार-निवारण योजनेतील मजुरांनी ते बांधले आणि उद्घाटनास स्वतः रूझवेल्ट आले होते. ते मोडकळीस आले असता डेट्रॉइट सिटी एफसीच्या समर्थकांनी ७ लाख ४१ हजार डॉलर कर्जाऊ उभे केले आणि २०१६ पासून तिथे फुटबॉल सुरू झाला. पुढे हा क्लब २०२२ मध्ये युनायटेड सॉकर लीगच्या दुसऱ्या श्रेणीत आला, तो मैदानावर काही जिंकून नव्हे. त्यासाठी त्याला परवानाच घ्यावा लागला.

खालच्या श्रेणीत गुणवत्ता नसते, म्हणून दार बंद ठेवावे लागते, हा युक्तिवाद तर १९९९ मध्येच निकालात निघाला आहे. त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीतील रॉचेस्टर रायनोज या संघाने मेजर लीगचे चार संघ हरवून राष्ट्रीय खुला चषक जिंकला. अंतिम सामन्यात कोलोरॅडोचा २-० असा पराभव केला. इंग्लंडात असा संघ वर चढला असता. रॉचेस्टरला बक्षीस काय मिळाले? मेजर लीगची दुसरी शहरे पैसे भरून आत गेली. कोडॅकच्या कारखान्यांवर जगलेले हे गाव खंगत गेले, २०१७ नंतर संघ थांबला, २०२२ मध्ये नवे नाव घेऊन एका हंगामापुरता उठला आणि २०२३ मध्ये कायमचा मिटला. सॅक्रामेंटोची कथाही त्याच जातीची. २०१९ मध्ये त्या शहराला मेजर लीगने जागा दिली, २०२१ मध्ये पैसे घालणारा धनिक मागे फिरला आणि जागा गेली. २०२२ मध्ये त्याच खालच्या श्रेणीतील संघाने मेजर लीगचे तीन संघ हरवून खुल्या चषकाची अंतिम फेरी गाठली. यावर मेजर लीगने काय केले, तर डिसेंबर २०२३ मध्ये १९१४ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेतून आपले मुख्य संघ काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. महासंघाने नकार दिला, तरी २०२४ मध्ये तिचे आठच संघ उतरले. आणि नव्या ठरावातही मेजर लीगचे दार बंदच आहे, कारण ही शिडी एका लीगच्या चार भिंतींच्या आत लावलेली आहे.

सार्वजनिक पैशाचे काय, हा प्रश्न ऱ्होड आयलंडमधील पॉटकेटने समोर ठेवला आहे. सॅम्युअल स्लेटरची १७९३ ची सूतगिरणी याच गावातली, आणि १८२४ मध्ये मजुरीकपातीविरुद्ध अमेरिकेतील पहिला गिरणी संप केला तो याच गावातील स्त्री विणकरांनी. इथला बेसबॉल संघ शेजारच्या राज्यातील वूस्टरला निघून गेला, त्याचे दुःख हलके करण्यासाठी म्हणून फुटबॉलचे स्टेडियम आले. ते २०२५ मध्ये उघडले. त्यासाठी सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरचे रोखे काढण्यात आले आणि तीस वर्षांत व्याजासह सुमारे १३ कोटी २० लाख डॉलर फेडायचे आहेत. स्टेडियमवर नाव मात्र एका बँकेचे. कर्ज तीस वर्षे जागचे हलू शकत नाही, परवाना मात्र हलू शकतो. खालच्या श्रेणीत घसरलेल्या संघाचा मालक उद्या तो विकून मोकळा झाला तर फेड कोणी करायची?

एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देणे योग्य नव्हे. संघ घसरला की उत्पन्न घटते, आणि पहिली कुऱ्हाड खेळाडूच्या पगारावर पडते. अमेरिकेत नोकरी गेली की बहुधा आरोग्यविमाही जातो, तेव्हा गुडघा दुखावलेल्या पंचविशीतल्या खेळाडूला चढउताराचे रोमांच ऐकवणे निर्दयपणाचे होईल. या लीगच्या खेळाडूंनी २०१८ मध्ये संघटना बांधली आणि २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीसाठी पहिला सामूहिक करार मिळविला. घसरणीनंतरही करारातील वेतन आणि विमा पूर्ण मुदतीपर्यंत अबाधित राहिला पाहिजे, खाली गेलेल्या क्लबला आधारनिधी मिळाला पाहिजे आणि तो वरच्या क्लबांच्या उत्पन्नातून आला पाहिजे. या गोष्टी ठरावाच्या शेपटीला न बांधता त्याच्या मुळातच असायला हव्यात. पण म्हणून बंदिस्त लीग कामगाराच्या हिताची ठरत नाही. सॅन डिएगो लॉयलच्या आणि मेम्फिसच्या खेळाडूंची नोकरी घसरणीने नव्हे, परवान्याच्या व्यवहाराने गेली.

न्यायालयांकडून आशा धरण्यात अर्थ उरलेला नाही. मायामी एफसी आणि किंग्स्टन स्टॉकेड हे क्लब चढउताराची मागणी घेऊन आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेले. लीगमधील स्थान प्रामुख्याने खेळातील गुणवत्तेवर ठरावे, असे फिफाचे नियम म्हणतात, तरीही लवादाने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांची मागणी फेटाळली. दुसऱ्या श्रेणीची मान्यता गमावलेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगने २०१७ मध्ये मक्तेदारीविरोधी दावा लावला होता, त्याचाही निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये महासंघ आणि मेजर लीग यांच्या बाजूने लागला.

हा अमेरिकेतला तमाशा, आपल्याला त्याचे काय, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याकडे पाहावे. बंदिस्त फ्रँचाइझीचे हेच वाण २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगच्या रूपाने आपल्याकडे लावण्यात आले, आणि लावणाऱ्यांत आयएमजी ही अमेरिकी कंपनी रिलायन्सच्या बरोबरीने होती. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. २०२५ मध्ये ती तेथूनही उठून दिल्लीला गेली. दरम्यान, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो आणि त्याच्यासह साळगावकर व स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब २०१६ मध्ये निषेध म्हणून राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. पुण्याचे जे मूल त्या संघाचा सदरा घालून बालेवाडीला जात होते, त्याला कोणी विचारले होते?

म्हणून युनायटेड सॉकर लीगच्या ठरावाला विरोध करावा असे नव्हे. तो आला आहे तर त्याच्या फटीत पाचर मारली पाहिजे. पॉटकेटचे नवे स्टेडियम साडेदहा हजार आसनांचे आहे. तिथला संघ पहिल्या श्रेणीत चढलाच तर १५ हजारांच्या अटीतून सूट मागण्यासाठी मालकांना महासंघाच्या दारात उभे राहावे लागेल. ज्या दिवशी ते आसनांची सूट मागतील त्याच दिवशी, त्याच टेबलावर, समर्थकांच्या संघटनांनी आणि खेळाडूंच्या युनियनने ३५ टक्क्यांच्या व व्यक्तिगत संपत्तीच्या अटी रद्द करण्याची मागणी ठेवावी, आणि सार्वजनिक पैसा घेतलेल्या क्लबचा परवाना त्या गावाबाहेर विकता येणार नाही, अशी तरतूद नियमांत घालून घ्यावी.